प्रस्तावना : ‘शेतकऱ्यांची यादी’ तीन संगणकांवर

पुणे जिल्ह्यात शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत पारगाव आहे. जुन्नरातलं पारगाव तर्फे आळे आणि आंबेगावातलं, साखर कारखान्याचं, पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. महसुलाच्या दप्तरात ‘तर्फे’ लावल्याशिवाय काम पुढं सरकत नाही. एसटीत मात्र नुसतं ‘पारगाव’ म्हटलं तरी कंडक्टर तिकीट देतो, कारण गाडी कुठली आहे हे त्याला ठाऊक असतं. ही पुस्तिका या दोन्ही पारगावांतल्या आणि आसपासच्या त्या मुलामुलींसाठी आहे, जी अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा कुरण-बेल्ह्याकडच्या कॉलेजांत शिकतात, कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजवर काम करतात, घरी थोरल्या भावाचा जुना लॅपटॉप किंवा नुसता मोबाइल वापरतात आणि पुढं पुण्यात नोकरीला लागली की पहिल्याच आठवड्यात लिनक्सच्या सर्व्हरसमोर नाहीतर कंपनीच्या मॅकसमोर बसतात. विषय व्हर्जन कंट्रोलचा, आणि आजच्या व्यवहारात व्हर्जन कंट्रोल म्हणजे बहुतेक वेळा गिट. आज्ञांची नावं या प्रस्तावनेत उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप कशी करायची ते पुढच्या पानांत आहे.

गिट विंडोजवर चालतं, मॅकवर चालतं, लिनक्सवर चालतं, असं कुठल्याही पाठ्यपुस्तकात छापलेलं असतं आणि ते खरं आहे. पण प्रत्येक साधन ज्या घरात वाढलं त्या घरच्या सवयी घेऊन येतं. फाइलचं नाव कसं असावं, ओळ कुठं संपते, फाइलचा मालक कोण, हे सगळं गिटनं लिनक्सच्या घरात गृहीत धरलं. दुसऱ्या यंत्रणेवर बसलेल्याला त्या सवयी खटकतात, आणि नवशिक्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. माझं म्हणणं असं की, शंभरातल्या बऱ्याच वेळा चूक त्याची नसते, आणि मराठीत काम करणाऱ्याला तर या खाचखळग्यांची ओळख इतरांपेक्षा लवकर होते.

सगळ्यात जवळचं उदाहरण जुन्नर तालुक्यातल्या खोडदला आहे. जीएमआरटी, म्हणजे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’च्या आकारात तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त ती लोकांना खुली असते आणि तालुक्यातल्या शाळांची तिथं झुंबड उडते. त्या गर्दीतल्या एखाद्या मुलीनं पुढं याच दुर्बिणीच्या निरीक्षणांवर काम करायचं ठरवलं तर काय होतं ते पाहा. कच्ची निरीक्षणं एलटीए नावाच्या प्रकारात येतात. ती जगभर चालणाऱ्या फिट्स प्रकारात आणणारे ‘लिस्टस्कॅन’ आणि ‘जीव्हीफिट्स’ हे प्रोग्रॅम लिनक्सचे. पुढची प्रक्रिया करणारं ‘कासा’ हे सॉफ्टवेअर लिनक्सवर आणि मॅकवर चालतं, विंडोजवर थेट चालत नाही. सगळी पायरीवार प्रक्रिया एका दमात करून देणारी ‘कॅप्चर’ ही पाइपलाइन रुता काळे आणि ईश्वरचंद्र सी. एच. यांनी तयार केली, २०२१ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि ती गिटहबवर सर्वांसाठी उघडी आहे. म्हणजे दुर्बीण गावाशेजारी, प्रोग्रॅम फुकट, पण दोहोंच्या मध्ये लॅबमधलं विंडोज.

यावर वाट आहे. मायक्रोसॉफ्टनं २०१६ पासून विंडोजच्या पोटात लिनक्स चालवायची सोय दिली, तिला डब्ल्यूएसएल म्हणतात. मुलगी ती बसवते. आधी विंडोजच्या गिटनं डी ड्राइव्हवर उतरवलेला प्रकल्प ती लिनक्सच्या खिडकीतून उघडते आणि ‘गिट स्टेटस’ विचारते. उत्तर येतं : सगळ्या फाइली बदललेल्या आहेत. तिनं तर एका अक्षरालाही हात लावलेला नसतो! झालेलं एवढंच असतं की, विंडोजच्या गिटनं प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह घातलं. लिनक्सचं गिट यालाच बदल समजतं. उपाय सोपा आहे, प्रकल्प लिनक्सच्याच फोल्डरमध्ये पुन्हा उतरवायचा. पण तो कुणीतरी सांगावा लागतो.

थोडा इतिहास. फाइलींच्या आवृत्त्या सांभाळायची साधनं जुनीच. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकिंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस लिहिलं, पुढं वॉल्टर टिची यांचं आरसीएस आलं, मग सीव्हीएस, मग सबव्हर्जन. सबव्हर्जनच्या काळात विंडोजवाल्यांची चैन होती. ‘टॉर्टॉइज एसव्हीएन’ बसवलं की फोल्डरवर हिरवी खूण, बदल झाला की लाल, उजवी क्लिक करून काम खलास. इकडं लिनक्सच्या गाभ्याचं काम बिटकीपर या खासगी साधनावर चालत होतं. २००५ मध्ये त्याची मोफत परवानगी गेली आणि लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्या वर्षी एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. थोड्याच महिन्यांत देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे गेली आणि ती आजही त्यांच्याकडेच आहे. लिनस यांना गिट हवं होतं ते स्वतःच्या कामासाठी, लिनक्सवर, हजारो फाइलींसाठी आणि ताबडतोब. पारगावच्या लॅबचा विचार त्यात असणं शक्यच नव्हतं.

सुरुवातीच्या गिटचा बराच भाग शेल आणि पर्लच्या छोट्या छोट्या स्क्रिप्टांचा होता. लिनक्सवर नवी प्रक्रिया सुरू करणं स्वस्त असतं, विंडोजवर ते महाग पडतं. त्यामुळं तीच आज्ञा लिनक्सवर चुटकीसरशी आणि विंडोजवर रेंगाळत. शिवाय त्या स्क्रिप्टा चालवायला विंडोजवर बॅश, पर्ल, एसएसएच असा सगळा लवाजमा सोबत न्यावा लागे. ‘गिट फॉर विंडोज’ बसवल्यावर ‘गिट बॅश’ नावाची काळी खिडकी का येते, याचं उत्तर हेच. नंतरच्या वर्षांत ‘रीबेस’, ‘स्टॅश’ वगैरे आज्ञा सी भाषेत नव्यानं लिहिल्या गेल्या. त्यांतलं मोठं काम ‘गूगल समर ऑफ कोड’मधल्या विद्यार्थ्यांनी केलं, हे आमच्या मुलांना मुद्दाम सांगण्यासारखं आहे. आणि काळाचा महिमा असा की, २०१७ मध्ये खुद्द विंडोजचा सोर्स कोड, सुमारे ३०० जीबीचा, मायक्रोसॉफ्टनं गिटमध्ये आणला. ज्यांच्या घरात हे साधन परकं होतं त्यांनाच ते नीट चालावं अशी गरज पडली, आणि मग सुधारणांना वेग आला.

आता ओळीच्या शेवटाकडे येतो, कारण सर्वांत जास्त वेळ इथं वाया जातो. टेलिप्रिंटरवर एक ओळ संपली की दोन कामं करावी लागत : गाडा डावीकडे परत आणायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. त्यासाठी दोन चिन्हं होती. डॉसनं दोन्ही ठेवली आणि ती विंडोजला वारशानं मिळाली. युनिक्सनं दुसरं एकटं पुरे मानलं, लिनक्स त्याच वाटेनं गेलं. जुना मॅक फक्त पहिलं वापरत असे. २००१ च्या मॅक ओएस टेनपासून तोही युनिक्सच्या पंगतीत बसला. विंडोजच्या साध्या नोटपॅडला युनिक्सची ओळ ओळखायला २०१८ उजाडावं लागलं. तोवर लिनक्सवरून आलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडली की सगळा मजकूर एकाच लांबलचक ओळीत.

गिटनं यावर काढलेला तोडगा असा : साठवणीत युनिक्सची ओळ, विंडोजच्या डिस्कवर विंडोजची. इन्स्टॉलर तसं विचारतो. पण विचारतो कुणाला? ज्यानं अजून गिटचं तोंडही पाहिलेलं नाही त्याला. एकापाठोपाठ एक इंग्रजी प्रश्नांच्या खिडक्या येतात, त्यांत हा एक. पोरं ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जातात, एखादा काहीतरी वेगळं निवडतो. आणि ही निवड त्या एका मशीनपुरती राहते, प्रकल्पाबरोबर प्रवास करत नाही. मग समजा ऊसनोंदीची पाचशे ओळींची फाइल आहे. एकानं एका शेतकऱ्याचं क्षेत्र दुरुस्त केलं. कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला बदल, पाहावा तर पाचशे ओळी लाल आणि पाचशे हिरव्या. कुठलं क्षेत्र बदललं ते ब्रह्मदेवालाही सापडायचं नाही. व्हर्जन कंट्रोल ज्यासाठी घ्यायचं तेच हातचं गेलं. दुसरा प्रकार याहून चकवणारा. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की ‘बॅड इंटरप्रिटर’ अशी तक्रार येते. पहिल्या ओळीच्या टोकाला चिकटलेलं ते न दिसणारं चिन्ह लिनक्स बॅशच्या नावाचाच भाग समजतं, आणि त्या नावाचा प्रोग्रॅम कुठंच नसतो. स्क्रिप्ट शंभर वेळा वाचली तरी चूक दिसत नाही, कारण ती दिसणारी नाहीच.

निवड मशीनवर न ठेवता प्रकल्पात ठेवली पाहिजे. ‘डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ या फाइलमध्ये दोन-तीन ओळी लिहिल्या की प्रत्येकाच्या संगणकावर तोच नियम लागू होतो, इन्स्टॉलरमध्ये त्यानं काहीही निवडलेलं असो. सबव्हर्जनमध्ये हे फाइलीगणिक ठरवायची सोय होती. गिटमध्येही आहे, पण शिकवताना ती शेवटच्या प्रकरणात टाकतात. या पुस्तिकेत ती पहिल्या कमिटच्या आधी आली आहे. निव्वळ एवढ्या कारणासाठीही मी ही प्रस्तावना लिहायला तयार झालो असतो.

दुसरा खळगा नावांचा. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं. विंडोज आणि मॅक, नेहमीच्या मांडणीत, दोन्ही एकच धरतात. लिनक्सच्या गाभ्यात ‘एक्सटी मार्क’ नावाच्या दोन हेडर फाइली आहेत, एकीत ‘मार्क’ कॅपिटलमध्ये, दुसरीत स्मॉलमध्ये, आणि आतला मजकूर वेगळा. विंडोजवर किंवा मॅकवर तो प्रकल्प उतरवला की दोघींना मिळून एकच जागा मिळते, एक दुसरीला झाकते, आणि काहीही न करता गिट म्हणतं की फाइल बदलली आहे. लिनक्स हे महसुलाचं दप्तर, ‘तर्फे’सकट नाव मागणारं, विंडोज हा एसटीचा कंडक्टर. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण दोन्ही पारगावांचे उतारे कंडक्टरच्या हातात दिले तर एक हरवणार. आमच्याकडची नेहमीची तऱ्हा म्हणजे ग्रामपंचायतीची किंवा शाळेची वेबसाइट. फोटोच्या नावातलं ‘जेपीजी’ कॅपिटल, पानातल्या दुव्यात स्मॉल. विंडोजच्या लॅपटॉपवर फोटो झकास दिसतात, साइट लिनक्सच्या सर्व्हरवर चढली की गायब. विंडोजवर नाव दुरुस्त करून कमिट करायला जावं, तर गिटला बदल झाल्याचं दिसतच नाही.

आणि आता मराठी. फाइलचं नाव द्यायचं आहे ‘शेतकऱ्यांची यादी’. नाव अगदी साधं, कुठल्याही सोसायटीत, कारखान्यात, कृषी सहायकाच्या लॅपटॉपवर सापडेल असं. गिट स्टेटस विचारलं की हे नाव दिसत नाही. दिसते उलट्या तिरप्या रेघांनी जोडलेली आकड्यांची माळ : ३४०, २४४, २६६, आणि पुढं तसंच. हे तीन आकडे म्हणजे ‘श’च्या साठवणीतले तीन बाइट, अष्टमान पद्धतीत मांडलेले. इंग्रजी अक्षरांपलीकडचं काहीही आलं की ते असं दाखवायचं, हा गिटचा मुळातला शिरस्ता, तिन्ही यंत्रणांवर. ‘कोअर डॉट क्वोटपाथ’ बंद केलं की नाव देवनागरीत येतं. तेही कुठं? विंडोजच्या जुन्या कमांड खिडकीत चौकोन दिसतात. लिनक्सच्या कित्येक टर्मिनलांत काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. गिटनं आपलं काम केलेलं असतं, खिडकीला मराठी वाचता येत नाही.

याच्याही खाली एक थर आहे, तो ‘ऱ’चा. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येतं किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन तुकड्यांत. वाचणाऱ्याला फरक नाही, पण पहिल्याचे बाइट तीन आणि दुसऱ्याचे सहा. विंडोज आणि लिनक्स जसं टाइप केलं तसं नाव ठेवतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल-पद्धत मात्र अशी अक्षरं फोडूनच साठवत असे. त्यामुळं विंडोजवर केलेली ‘शेतकऱ्यांची यादी’ मॅकवर उतरली की गिटला तीच फाइल आधीची असूनही नव्यानं आलेली दिसे. २०१२ च्या सुमाराला गिटमध्ये यावर इलाज आला : मॅकवर नाव वाचताना ते आधी जोडून घ्यायचं. मॅकनं २०१७ मध्ये आणलेली एपीएफएस ही नवी पद्धत नाव फोडत बसत नाही. हा प्रश्न युरोपातल्या टिंबांच्या आणि मात्रांच्या अक्षरांमुळं सुटला, हे उघड आहे. ‘शेतकऱ्यां’ना त्याचा आयता लाभ झाला.

पण तिसरी लिहिण्याची तऱ्हा उरतेच. साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह आणि ‘य’. बरेच कीबोर्ड आणि लिप्यंतर करणारी साधनं असं लिहितात, इनस्क्रिप्टवर ‘ऱ’ची स्वतंत्र कळ आहे. दोन्ही नावं पडद्यावर तंतोतंत सारखी. युनिकोडच्या नियमानं मात्र ती एक नाहीत, आणि कुठलीही यंत्रणा त्यांना एक करून देत नाही. एकाच फोल्डरमध्ये, एकाच विंडोजवर, ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी बसतात. दोघांनी दोन भरत राहायच्या आणि महिन्याअखेरीला हिशेब का जुळत नाही म्हणून डोकं खाजवायचं. फाइलच्या आतही तेच. आडनाव शोधावं तर निम्म्या नोंदी सापडतात. भर म्हणून एक्सेल. यूटीएफ-८ मधली सीएसव्ही फाइल सुरुवातीच्या खुणेशिवाय आली की विंडोजवरचं एक्सेल मराठीचा पार चिवडा करून दाखवतं. खूण घातली की गिट पहिली ओळ बदलली म्हणून कळवतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुराबद्दल तर बोलायलाच नको : फॉन्ट काढला की खाली रोमन चिन्हांचा कचरा, आणि फरक दाखवणारं कुठलंही साधन तोच कचरा दाखवणार.

लॅबच्या सामाईक संगणकाबद्दल परदेशी पुस्तकांत काहीच नसतं, कारण त्यांच्या लेखी प्रत्येकाचा संगणक स्वतःचा. इथं एका खुर्चीवर सकाळी एक बॅच, दुपारी दुसरी. सकाळच्यानं आपलं नाव आणि ईमेल ‘ग्लोबल’ म्हणून टाकलं की दुपारच्याचे सगळे कमिट त्याच्या नावावर चढतात; गुणांवरून भांडण ठरलेलं. विंडोजचा क्रेडेन्शियल मॅनेजर गिटहबची ओळख जपून ठेवतो, म्हणून दुपारचा पुश करायला, म्हणजे काम गिटहबवर चढवायला, गेला की सकाळच्याचं नाव घेऊन ‘डिनाइड’ येतं. पेन ड्राइव्हवर प्रकल्प घेऊन घरी जावं, तर ‘डूबियस ओनरशिप’, म्हणजे फाइलींचा मालक संशयास्पद, असं म्हणून गिट अडवतं. एप्रिल २०२२ मध्ये आलेली ही तपासणी सामाईक मशीनवरच्या एका खऱ्या धोक्यासाठीच आहे, पण पेन ड्राइव्हच्या फाइल-पद्धतीत मालकाची नोंदच नसते, त्यामुळं निरपराध पोरगं अडकतं. त्यात लाइट. यूपीएस नसलेल्या संगणकावर कमिट करतानाच लाइट गेली, तर गिटच्या पोटात रिकामी फाइल राहू शकते आणि पुढची प्रत्येक आज्ञा तिथंच अडते. २०२२ पासूनच्या आवृत्त्यांत डिस्कवर लिहिणं पक्कं करण्याची जास्त काळजी घेतली आहे. लॅबमधली आवृत्ती त्याआधीची असेल तर आधी ती बदला.

पुस्तिकेच्या लेखकांशी माझे दोन मतभेद आहेत आणि ते छापायला त्यांची हरकत नाही. त्यांनी बटणांच्या साधनांना, म्हणजे टॉर्टॉइज गिट, गिटहब डेस्कटॉप वगैरेंना, शेवटी पाच पानं दिली आहेत. कारण त्यांचं बरोबर आहे : टॉर्टॉइज फक्त विंडोजवर, गिटहब डेस्कटॉप अधिकृतपणे विंडोज आणि मॅकवर, आणि आज्ञा मात्र तिन्ही ठिकाणी त्याच. पण दोन फाइलींतला फरक डोळ्यांनी पाहणं हे बटणांच्या खिडकीत कितीतरी सोपं जातं, आणि कमिटच्या वेळी अचानक उघडणाऱ्या विम संपादकातून बाहेर कसं पडायचं हे न कळल्यामुळं गिटचा नाद सोडलेली मुलं असतात. त्यांना आधी खिडकी द्यावी, आज्ञा मागाहून.

दुसरा मतभेद नावांचा. फाइलींची नावं सरळ रोमनमध्ये ठेवा, असा सल्ला सहाव्या प्रकरणात आहे. प्रोग्रॅमच्या फाइलींपुरता तो मला मान्य आहे. पण यादी, ठराव, पंचनामे, मुलांचे निबंध यांना मराठीच नावं द्यावीत. ज्याला ती रोज उघडायची आहेत तो माणूस मराठी वाचतो. त्यासाठी गटानं एकदाच बसून तीन गोष्टी ठरवाव्यात : ‘ऱ’ कुठल्या कीबोर्डनं टाइप करायचा, क्वोटपाथ सगळ्यांनी बंद केलं का, आणि सीएसव्हीला सुरुवातीची खूण ठेवायची की नाही. ठरलेलं प्रकल्पातल्या ‘वाचा’ नावाच्या फाइलमध्ये लिहून पहिल्याच दिवशी कमिट करावं, आणि नव्यानं येणाऱ्याला आधी ती फाइल उघडायला सांगावी.